पाठीवरचं नाव

दोन हजार तेवीस साल, जानेवारी महिना. त्या वर्षी कुहीकडे थंडी उशिरा आली, पण आली ती बिऱ्हाड घेऊनच आली. धानाच्या बांध्या कापून मोकळ्या झाल्या होत्या, ओलीत फेकलेलं लाखोळीचं कडधान्य बोटभर वर आलं होतं, आणि गावाबाहेरच्या मिरचीच्या सातऱ्यावर सकाळी सातला बाया येऊन बसत होत्या.

सातऱ्यावर दुसरं काही नसतं. उघडं मैदान, त्यात वाळल्या मिरचीचे डोंगर, आणि डोंगरांच्या पायथ्याशी पोत्यावर बसून देठ तोडणाऱ्या बाया. तोंडाला पदर, बोटांना चिंध्या. तरी मिरची आत शिरतेच. घरी गेल्यावर लेकराच्या गालाला हात लावता येत नाही, डोळ्यातलं कुसळ काढता येत नाही. महिन्याच्या त्या चार दिवसांत तर बाई आपल्याच अंगाला हात लावायला भिते. आडोसा नाही, हात धुवायला पाणी नाही. सकाळी घरून जे बांधून निघायचं, ते संध्याकाळी घरी जाऊनच सोडायचं.

भागीरथेची जागा बाभळीच्या बुडाशी होती. वय त्रेसष्ट. ती मूळची मिरचीवाली नव्हे. कोष्ट्याच्या घरात जन्मली, कोष्ट्याच्याच घरात दिली, आणि बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत खड्ड्यात पाय सोडून, पायांनी पावड्या दाबत मागावर बसली. नवरा गेला तरी तिनं एकटीनं माग चालवला. मग सुताचं काम येईनासं झालं. मुलानं, चंदननं, माग मोडून लाकडं अंगणात रचली, खड्डा मुरमानं बुजवला आणि वर फरशी घातली. त्या फरशीवर आता चंदनची बायको वंदना स्वयंपाक करायची. पावसाळ्यात फरशी थोडी खचायची, तेव्हा वंदना म्हणायची, "आई, तुमचे पाय अजून आतच हायेत वाटते."

चंदन सातऱ्याचा टेम्पो चालवायचा. वंदना सासूच्या शेजारीच देठ तोडायची. आणि त्यांची काजल, तेरा वर्षांची, आठवीत.

काजल आदल्या पावसाळ्यात मोठी झाली. वंदनानं तिला जुन्या साडीच्या घड्या करून दिल्या. शाळा तीन किलोमीटर. तिथं प्रेमलता मॅडमनी कपाटात पॅडची पाकिटं ठेवली होती, पण ती दिवाळीच्या आधीच संपली. साडी पातळ, वाट लांब. म्हणून काजल महिन्याचे चार दिवस घरीच राहू लागली. डिसेंबरात नेमकी गणिताची परीक्षा त्याच दिवसांत आली. पोर दाराशी पुस्तक घेऊन बसली आणि पान उलटेना. ते भागीरथेनं पाहिलं.

तिच्या पेटीत मागावरून उतरवलेलं शेवटचं थान होतं. पांढरंशुभ्र, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेलं. आपल्या मरणाला दुकानातलं कापड नको, म्हणून राखलेलं. ते तिनं काढलं आणि कात्री लावली.

तिला स्वतःला या कामासाठी नवं कापड कधीच मिळालं नव्हतं. सासरी तीन जावांत मिळून सासूच्या फाटक्या लुगड्याचे तुकडे असायचे. गोठ्यामागं पोत्याखाली वाळत घालायचे, कधी नीट सुकायचेच नाहीत. आणि पुढच्या खोलीत रोज हात-हात नवं कापड विणलं जायचं. सासू कोनाड्यात मागाचा धोटा उलटा ठेवायची, की घरादाराला, सूत घेऊन आलेल्या माणसालाही कळायचं, आज भागीरथा मागाला शिवायची नाही. चार दिवस तो धोटा तसा पालथा पडलेला असायचा. नवरा मेल्यावर तिनं पहिलं काही केलं असेल, तर तो कोनाडा शेणामातीनं लिंपून टाकला.

तिनं नातीसाठी आठ घड्या शिवल्या, हातानं, बारीक टाक्यांनी. करकरीत. खळीचा वास अजून तसाच. कोष्टी कोऱ्या कापडाला कधी पाणी लावत नाही. मागावरचा ताठपणा जसाच्या तसा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, यात त्याची इमानदारी. पाणी लागलेलं कापड म्हणजे उतरलेलं कापड, ते देणं म्हणजे घेणाऱ्याचा अपमान. भागीरथेनं त्या घड्या नातीच्या हातात अशा ठेवल्या, जशी एखादी बाई लेकीला सोन्याचं काही देते.

"नवं हाये," ती म्हणाली. "तुह्या आजीच्या हातचं."

काजल परीक्षेला गेली. संध्याकाळी आली ती पाय फाकवून, कुंपणाला धरत धरत. मागं दोन-तीन पोट्टे बदकासारखे ओरडत होते. वंदनानं तिला आत नेलं. मांड्या सोलून निघाल्या होत्या, आणि डाग तो लागायचा तो लागलाच होता. वंदनानं खोबरेल लावलं. सासूला ती एक शब्द बोलली नाही, आणि तेच भागीरथेला जास्त लागलं. तिला वाटलं, आपली शिवण जाड झाली. म्हाताऱ्या डोळ्यांनी टाका मोठा पडला असेल.

दुसऱ्या दिवसापासून काजल शाळेत गेली नाही. आठ दिवसांनी आईच्या मागं सातऱ्यावर आली आणि पोतं ओढून बसली.

"घरी जा वं," भागीरथा म्हणाली. "पुस्तक वाच."

"अठीच बरं हाये आजी," काजल देठ तोडत म्हणाली. "अठी सगळंच लाल हाये."

भागीरथेचे हात थांबले. वंदनानं मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात प्रेमलता मॅडम सातऱ्यावर आल्या. सोबत नागपूरच्या मायाताई, धरमपेठेतल्या. मिरचीनं दोघींना शिंका आवरेनात. शिंकत शिंकतच मॅडमनी सांगितलं. रामटेकहून कुहीपर्यंत चार दिवस पायी चालायचं. ज्या पोरी या कारणानं शाळा सोडतात त्यांच्यासाठी. प्रत्येक बाईच्या पाठीवर एका पोरीचं नाव. जी शाळेच्या दारापर्यंत पोहोचेल, तिच्या पाठीवरच्या पोरीला वर्षभर, दर महिन्याला, पाकिटं शाळेत येतील. नागपूरच्या एकेका घरानं एकेका नावाचा शब्द दिलेला आहे.

"आन अर्ध्यात बसली तं?" भागीरथेनं विचारलं.

"तर त्या नावासाठी मी पुन्हा कुणाच्या तरी दारात जाईन," मॅडम म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नसे. "मिळेलच असं नाही, आजी."

बायांत कुजबुज झाली. प्रेमिला सगळ्यांत आधी उठली. प्रेमिला बौद्ध मोहल्ल्यातली, अंगणवाडीत मदतनीस होती, आता भागीरथेच्याच पोत्यावर बसायची. भागीरथेच्या सासूनं हे पाहिलं असतं, तर अंघोळ करायला लावली असती.

"मी तं दीक्षाभूमीले दरसाल पायीच जाते," प्रेमिला म्हणाली. "माह्या भाचीचं नाव लिवा. रितिका."

वंदना उठायला लागली, तसा मुकरदम ईश्वरदास काठी टेकत आला. "वंदने, तुह्या हाताची दुसरी बाई हाये का मह्याजवळ? तू गेली तं गाडी कशी भरन?"

"मी जाते," भागीरथा म्हणाली.

ईश्वरदास हसला. "भागीरथाबाई, तुमचे गुडघे तुमाले फाट्यापर्यंत तरी नेतीन का?"

"या गुडघ्यायनं चाळीस वर्सं पावड्या मारल्या गा. तू तवा उघडा हिंडत होता."

बाया हसल्या. ईश्वरदासही हसला, पण कामाचा मुद्दा त्यानं सोडला नाही. "जा तं जा. जागा मातर रिकामी नाई राहत. तुमची पोट्टी तशीबी येऊन राहिली, तिले बसवा तुमच्या जागी."

म्हणजे जिच्यासाठी चालायचं, ती तितके दिवस सातऱ्यावर बसणार. भागीरथेला हे कळलं. पण दुसरी वाट नव्हती.

घरी मॅडमनी दिलेला कापडाचा चौकोन तिनं पोलक्याच्या पाठीवर शिवायला घेतला. मोठ्या काळ्या अक्षरात नाव होतं, 'काजल चंदन धकाते, इयत्ता आठवी'. काजलनं ते वाचलं आणि तिचं तोंड उतरलं.

"तू माहं नाव पाठीवर टाकून रामटेकपासून हिंडशीन?"

"हो."

"साऱ्या गावाईले समजन."

"काय समजन वं?"

"तुले माहीत हाये काय ते." काजलचा आवाज फाटला. "मी ते पाकिटं घेणार नाई. आन शाळेतबी जाणार नाई. तू चाल, नाईतं नको चालू."

भागीरथेनं शेवटचा टाका घातला आणि सूत दातानं तोडलं.

रामटेकच्या गडाच्या पायथ्याशी सकाळी सत्तावीस बाया जमल्या. मायाताईंच्या गटानं बायांना पांढरे कॅनव्हासचे बूट दिले. भागीरथेच्या पायात आयुष्यात बूट गेला नव्हता. बूट न घेता आपल्या जुन्या चपलांतच राहिलेल्या प्रेमिलानं लेस बांधून दिली.

"कशी दिसून राहिली मी?"

"पोलिसात भरती व्हाले निघाली असं वाटते."

धुकं होतं. मनसरच्या रस्त्याला लागेपर्यंत पुढची बाई दिसत नव्हती, फक्त तिच्या पाठीवरचं नाव दिसत होतं. भागीरथेनं पहिल्या तासातच आपली चाल शोधली. डावी पावडी, उजवी पावडी. डावी दाबली की अर्धे धागे वर, उजवी दाबली की उरलेले अर्धे. चाळीस वर्षं ती बसल्या जागी इतकी चालली होती, की मोजलं असतं तर कुठल्या कुठं पोहोचली असती. फक्त तेव्हा समोरून कापड यायचं, आता रस्ता येत होता.

कन्हानच्या अलीकडे चहाच्या टपरीवर सगळ्या टेकल्या. टपरीवाल्यानं विचारलं, "कोन्या देवाची पदयात्रा हाये, मायबाई?"

"देवाची नाई," प्रेमिला म्हणाली. "पोरीयच्या पाळीची."

त्यानं चहा चांगला दिला, आलं घालून. पण त्या उठेपर्यंत त्याची मान किटलीतून वर आली नाही. प्रेमिला गिलास ठेवताना म्हणाली, "भाऊ, किटली काही पळून नाई जात. वर पाहा." तेव्हा तो हसला आणि आतून एक पारले बिस्किटाचा पुडा काढून भागीरथेच्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी कामठी ओलांडून त्या नागपुरात शिरल्या, तेव्हा टाच दुखायला लागली होती. भागीरथेनं कुणाला सांगितलं नाही. धरमपेठेतल्या एका सभागृहात संध्याकाळी गरम पाण्याच्या बादल्या मांडल्या होत्या, मीठ टाकून. मायाताईंनी स्वतः बायांपुढं बादल्या सरकवल्या. तेवढ्यात एक तरुण माणूस माइक घेऊन आला आणि सगळ्यांत म्हातारी म्हणून भागीरथेसमोर उकिडवा बसला.

"आजी, तुमच्या काळी बायका काय वापरायच्या?"

समोर कॅमेरा, भोवती पन्नास माणसं. भागीरथेनं पदर ओढला. त्रेसष्ट वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि आता विचारला तो असा. 

"बापू," प्रेमिला शेजारून म्हणाली, "पयले तुह्या आजीले विचारून ये. तिनं सांगतलं तं आमीबी सांगू."

हॉलमध्ये हशा झाला. तो पोरगा लाजला आणि माइक खाली केला. कॅमेरा गेल्यावर मायाताई भागीरथेजवळ बसल्या. "सॉरी आजी. आम्हालाच सुचायला हवं होतं."

भागीरथा बादलीतल्या आपल्या पायांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरी धोटा उलटा ठेवत होते."

"म्हणजे?"

"काही नाई, ताई. पाणी चांगलं गरम हाये."

तिसऱ्या दिवशी उमरेड रोडला ऊन चढलं आणि टाच फुटली. आधी चुरचुर, मग ओलसर. प्रत्येक पावडीला बुटाची कड त्याच जागी यायची आणि कातडं ओढून न्यायची. भागीरथा मागं पडू लागली. पाय फाकवून, कडेनं टेकवत चालू लागली. प्रेमिलानं मागं वळून पाहिलं आणि थांबली.

"बस खाली."

"नाई बसत. बसली तं उठनार नाई."

"बस म्हनलं ना तुले."

पळसाच्या सावलीत प्रेमिलानं बूट ओढून काढला. मोजा टाचेला चिकटला होता. तो सोडवताना भागीरथेनं दात आवळले.

"मायबाई," प्रेमिला म्हणाली, "नवा बूट, आन सांगतबी नाई. कापड हाये का पिशवीत?"

होतं. थानाचा उरलेला तुकडा. मरणाचं म्हणून जे राहिलं होतं ते, कुठं पडलं-झडलं तर असावं म्हणून तिनं पिशवीत टाकलं होतं. प्रेमिलानं ते उलगडलं, टाचेभोवती धरलं आणि थांबली.

"हे बांधू कसं? हे कापड हाये का पत्रा?"

"कोरं हाये ते."

प्रेमिला उठली. शेताच्या कडेला मोटरीचं पाणी चालू होतं. तिनं त्या तुकड्यातून एक पट्टी फाडली, पाण्यात बुचकळली, साबणाचा तुकडा घासला आणि दगडावर आपटायला लागली. पाणी दुधासारखं पांढरं झालं. पुन्हा बुचकळली, पुन्हा आपटली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग पिळून पळसाच्या फांदीवर टाकली. दोघींनी भाकर खाईपर्यंत वाऱ्यानं पट्टी अर्धी सुकली. प्रेमिलानं ती भागीरथेच्या टाचेवर गुंडाळली, तेव्हा भागीरथेला प्रथम काही कळलंच नाही. टाचेवर काही ठेवलंय असं वाटेना. तिनं वाकून पट्टीचं टोक बोटांत धरलं. आपल्याच हातचं कापड, आणि ओळख लागेना.

"हेच," ती म्हणाली.

"काय हेच?"

"हेच दिलं होतं काजलले."

"धुवून दिलं होतं ना?"

भागीरथा पट्टीचं टोक बोटांत चोळत राहिली.

"धुवून दिलं होतं ना वं?"

"कोष्टी कोरं कापड धुत नाई, प्रेमिला."

प्रेमिला तिच्याकडं बघत राहिली. तिला रागवायचं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं. मग तिची नजर त्या सोललेल्या टाचेवर गेली.

"आमच्या घरी जुन्यातलं जुनं लुगडं राहे," ती हळू म्हणाली. "नवं कोठून आणनार. पण मऊ राहे बाप्पा ते."

"मले वाटलं, पोरीले तरी नवं भेटावं."

"समजलं मले."

भागीरथेनं दुसरा बूटही काढला आणि दोन्ही लेसनी एकमेकांना बांधून पिशवीत टाकले. उरलेलं सगळं अंतर ती प्रेमिलाच्या जुन्या चपला घालून चालली. प्रेमिलानं ते बूट पिशवीतून काढून आपल्या पायात चढवले. "मीबी पाहते भरती होऊन," ती म्हणाली.

पाचगावच्या शाळेत मुक्काम होता. इतर बाया पाय शेकत बसल्या, आणि ऊन होतं तोवर भागीरथेनं हापशाखाली तो थानाचा सगळा तुकडा धुतला. एक पाणी, दोन पाणी, सात पाणी. चाळीस वर्षांत विणलेलं कापड तिनं पाण्यात पहिल्यांदाच घातलं. हात आपोआप थबकत होते, तिनं ते थबकू दिले नाहीत. पांढरं पाणी नालीतून वाहत गेलं, मग निवळ यायला लागलं, तरी ती घासतच राहिली.

चौथ्या दिवशी ते कापड अजून ओलसर होतं, म्हणून तिनं ते खांद्यावर टाकलं, वाऱ्यानं वाळेल म्हणून.

कुही फाट्यावर चंदनचा टेम्पो उभा होता. आईला पाहून तो खाली उतरला. बाकीच्या बाया पुढं गेल्या होत्या; ती मागून पाय फाकवून, एका अंगावर कलत येत होती.

"माय, बस गाडीत. शाळेच्या वळणावर सोडतो. कोण पाहून राहिलं?"

"तू पाहून राहिला ना."

"मी कोणाले सांगू?"

"नाई सांगशीन. पण पाहिलं तं तू."

चंदन परत टेम्पोत चढला. त्यानं टेम्पो पहिल्या गिअरात टाकला आणि आईच्या मागं मागं चालवू लागला. मागं मिरचीची पोती, त्यामागं अडकलेल्या तीन-चार गाड्या हॉर्न देत होत्या. एकानं ओव्हरटेक करताना शिवी घातली. चंदननं हात जोडले आणि गिअर बदलला नाही.

सातरा रस्त्याला लागूनच होता. बायांना लांबूनच कळलं. त्या उभ्या राहिल्या, पदर तोंडावरून काढले. वंदना पुढं आली, सासूचे पाय पाहून जागीच थांबली. बाभळीच्या बुडाशी काजल बसली होती, पाठ करून. तिनं वळून पाहिलं नाही. भागीरथेनंही हाक मारली नाही. ती रस्त्याच्या कडेनं तशीच पुढं निघाली.

ईश्वरदास मुकरदमाला मात्र वाचायची हौस होती. त्यानं काठी वर करून, सगळ्या सातऱ्याला ऐकू जाईल असं वाचलं, "काजल, चंदन, धकाते. इयत्ता, आठवी."

काजल उठली. धावतच रस्त्यावर आली.

"काढ ते, आजी."

"शिवलं हाये. शाळेत गेल्यावर निघन."

"सारे वाचून राहिले."

"वाचतीन. अक्षरं मोठी हायेत."

काजलनं हात पुढं केला आणि मागं घेतला. बोटं मिरचीनं लालभडक होती. ते हात आजीच्या अंगाला लावता येईनात. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. रस्त्यावर माणसं, मागं टेम्पो, गाड्या.

"मी मांगं चालते," ती रागानं म्हणाली. "कोणाले दिसू देत नाई."

आणि ती आजीच्या पाठीशी, हातभर अंतरावर, दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालू लागली. भागीरथा लंगडत होती म्हणून काजललाही लंगड्याच्या चालीनं चालावं लागत होतं. डावी, उजवी. भागीरथेच्या ध्यानात आलं, की ही पोर नाव झाकत झाकत शाळेकडं चालली आहे. तिनं मागं वळून पाहिलं नाही. फक्त चाल आणखी थोडी हळू केली, म्हणजे पोरीला नीट झाकता यावं.

वारा आला. खांद्यावरच्या कापडाचं टोक उडालं आणि काजलच्या गालावर येऊन पडलं. तिला हातानं ते बाजूला करता येईना. ते तसंच राहिलं.

"हे कोणतं कापड वं?" थोड्या वेळानं मागून आवाज आला.

"तेच."

"ते नाई. ते कडक होतं."

"धुतलं मी. सात पाण्यानं."

काजलनं त्या टोकावर गाल घासून पाहिला. "पयलेच धुवाचं होतं."

"हो," भागीरथा म्हणाली. "चुकलं माहं."

शाळेच्या कुंपणावर पोट्टे बसले होते. म्हातारीची चाल पाहून एकानं जुन्या सवयीनं बदकाचा आवाज काढला. काजल पाठीमागून पुढं आली. पहिल्यांदाच नाव उघडं पडलं.

"माही आजी रामटेकहून चालत आली," ती म्हणाली. "तू त्या फाट्यापर्यंत चालून दाखव. मंग ओरड."

पोट्टा कुंपणावरून उतरला आणि घंटेकडं निघून गेला, जणू ती वाजवायची त्याचीच वेळ होती.

दारात प्रेमलता मॅडम उभ्या होत्या. त्यांनी आधी काजलला हापशावर नेलं, साबण दिला आणि स्वतः हापसलं. चारदा धुतल्यावर बोटांचा रंग उतरला. मग कात्री आणली. नाव पाठीवरून काजलनंच उसवलं, एक एक टाका, आजीचं पोलकं फाटू न देता. भागीरथेचे पाय मॅडमनी बादलीत ठेवले आणि म्हणाल्या, अर्धा तास हलायचं नाही. तेवढ्या वेळात कुठं बसायचं म्हणून काजल आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसली. घरच्या मळक्या फ्रॉकात, दप्तराशिवाय. गणिताचा तास चालू होता. शिक्षकांनी तिच्यापुढं कुणाची तरी वही सरकवली.

अर्धा तास झाला, पाणी गार झालं. भागीरथेनं पाय काढले नाहीत.

याला आता तीन वर्षं झाली. त्या सत्तावीस बायांतल्या पंचवीस पोहोचल्या. राहिलेल्या दोन नावांसाठी मॅडम पुन्हा दारोदार गेल्या आणि घेऊनच आल्या. त्यांची बदली पुढच्या वर्षी रामटेककडं झाली. तिथून दर जानेवारीत चालणाऱ्या बाया अजूनही निघतात.

ईश्वरदासनं सातऱ्यावर टिनाचा आडोसा बांधला, आत पाण्याची टाकी आणि साबण. वंदना आणि आणखी बाया त्याच्याशी महिनाभर भांडल्या होत्या, पण तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, की ही कल्पना त्याची. वंदना ऐकते आणि देठ तोडत हसते. चंदनचा टेम्पो जुना झाला. पहिल्या गिअरात आवाज करतो. तो म्हणतो, त्या दिवसापासून.

प्रेमिलानं ते पांढरे बूट दोन दीक्षाभूमी वाऱ्यांत झिजवले. गेल्या पावसाळ्यात ती तापानं गेली. तिच्या मातीला भागीरथा शेवटपर्यंत बसून होती, आणि सात पाण्यांनी धुतलेल्या त्या कापडाचा उरलेला तुकडा तिनं आपल्या मरणासाठी राखला नाही, प्रेमिलाच्या अंगावर घातला.

भागीरथा आता सातऱ्यावर जात नाही. गुडघे गेले. पण पंचक्रोशीतल्या बाया कापडाच्या घड्या शिवून तिच्याकडं आणतात, आणि ती गालाला लावून पाहते. एखादी घडी परत देते आणि म्हणते, "अजून एक पाणी."

काजल नागपुरात वसतिगृहात राहते, अकरावी विज्ञानाला आहे. तिचं नाव लिहिलेला तो चौकोन तिच्या कंपासपेटीत असतो, अक्षरं आत करून दुमडलेला. मैत्रिणींनी एकदा विचारलं, हे काय जपून ठेवलंस. ती आधी उडवून लावत म्हणाली, पाय पुसायचं कापड आहे माझ्या आजीचं. मग तिनं ते काढून, नाव वर करून त्यांच्यापुढं उलगडलं.